सावरीचा धबधबा: पहिल्यांदाच जंगलात चालणाऱ्यांसाठी

गोव्यात धबधबा बघायचाय असं कुणी म्हटलं की समोरून नाव येतं ते दूधसागरचंच. ३१० मीटर उंचीवरून रेल्वेच्या पुलामागे कोसळणारं ते पाणी एका नजरेत मावत नाही, हे खरं आहे. तरी पहिल्यांदाच निघालेल्या मंडळींना मी तिकडे पाठवत नाही. रुळांवरून चालत जायला बंदी आहे. जुलै २०२३मध्ये ती धुडकावून आलेल्या पर्यटकांना रेल्वे पोलिसांनी रुळांवरच उठाबशा काढायला लावल्या होत्या. मोसमात कुळ्याहून जीप मिळते, पण जीपने गेलं की जंगल खिडकीतून बघून होतं, पायाखाली येतच नाही.

म्हणून मी सावरी सुचवतो. दक्षिण गोव्यातल्या सांगे तालुक्यात, नेत्रावळी अभयारण्यात हा धबधबा आहे. अभयारण्य १९९९ साली जाहीर झालं, क्षेत्रफळ २११ चौरस किलोमीटर. एका अंगाला खोतीगावचं अभयारण्य, दुसऱ्या अंगाला कर्नाटकातलं काळी व्याघ्र प्रकल्पाच्या बाजूचं जंगल, आणि मधून वाहणारी नेत्रावळी नदी, जी पुढे झुआरीला मिळते. गाडी लावली की धबधब्यापर्यंत साधारण अर्ध्या-पाऊण तासाची चाल. दोर नको, कडा चढायला नको. रोज सोसायटीच्या आवारात चार फेऱ्या मारणाऱ्या माणसालाही ही वाट जमते. चार पावलं गेलात की डोक्यावर झाडांचं छत मिटतं आणि हवेचा वासच बदलतो. खरं सदाहरित जंगल इतक्या कमी कष्टात बघायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे.

एक मात्र आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्याच्याभोवती फिरणार आहे. सोप्या वाटेवरच्या धबधब्यातच माणसं जास्त बुडतात. अवघड ट्रेकला माणूस तयारीने आणि जाणत्या लोकांबरोबर जातो; सोप्या ठिकाणी चपला घालून, जेवणाचे डबे घेऊन, वाट सोपी तर पाणीही सोपंच असणार असं धरून जातो. ३० जून २०२४ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. तिथे पोहोचायला काही मोठी चढण नव्हती.

कधी जायचं

सर्वात चांगले दिवस ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंतचे. पाऊस ओसरलेला असतो, धबधब्याला भरपूर पाणी असतं, ते नितळ झालेलं असतं आणि वाटेवरचा चिखल बसलेला असतो. जानेवारीनंतर धार हळूहळू बारीक होत जाते. मार्च-एप्रिलमध्ये जाऊ नका असं मी म्हणणार नाही. पाणी कमी, पण पक्षी भरपूर आणि गर्दी नाही. फक्त मग धबधब्यासाठी जाऊ नका, जंगलासाठी जा.

जून ते सप्टेंबर हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो, कारण फोटो तेव्हाचेच असतात. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि घाटाच्या पायथ्याशी त्याहून जास्त. त्यातला बहुतेक सगळा या चार महिन्यांत. जुलै २०२३मध्ये याच अभयारण्यातल्या मैनापी धबधब्यात दोघे बुडाले आणि वनखात्याने अभयारण्यांमधल्या धबधब्यांवर जाणंच बंद केलं. तेव्हापासून दर पावसाळ्यात कोणते धबधबे उघडे, कोणते बंद हे तेव्हाचं तेव्हा विचारून घ्यावं लागतं. महाराष्ट्रातही हेच चालतं. पूर्वी कलम १४४ म्हणायचे, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३खाली जिल्हाधिकारी बंदीचे आदेश काढतात. पहिल्याच वेळी जात असाल तर ऐन पावसाळ्याचा मोह सोडा. दसरा-दिवाळीच्या सुट्टीत या.

ऑक्टोबरबद्दल एक बारकावा. परतीचा पाऊस दुपारी येतो. सकाळी लख्ख ऊन, दोन-तीन वाजता ढग भरून येतात, गडगडाट आणि तासाभराची मुसळधार सर. त्यामुळे सकाळी लवकर चाल सुरू करायची आणि दुपारच्या जेवणाला जंगलाबाहेर यायचं. हा नियम वर्षभर पाळला तरी चालेल, ऑक्टोबरमध्ये मात्र पाळाच.

आदल्या रात्री हवामान खात्याचा जिल्ह्याचा इशारा बघा. ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर बेत रद्द. चोवीस तासांत ११५ मिलिमीटरच्या वर गेला की हवामान खातं त्याला अति जोरदार पाऊस म्हणतं, २०४च्या वर गेला की अत्यंत जोरदार. यलो असेल तर सकाळी वनखात्याच्या नाक्यावर विचारा आणि ते म्हणतील ते ऐका. दक्षिण गोव्याबरोबर पलीकडच्या उत्तर कन्नडचाही अंदाज बघायची सवय मी लावून घेतली आहे. त्याचं कारण पुढे येईल.

परवानगी आणि प्रवास

अभयारण्यात शिरायला वनखात्याची परवानगी लागते. ती वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे लागते, त्यामुळे नाक्यावर कुणी दिसलं नाही म्हणून तसंच पुढे जाणं हा गुन्हा ठरू शकतो. नेत्रावळीला वनखात्याचं कार्यालय आहे. तिथे नावं लिहायची, प्रवेशशुल्क भरायचं, पावती जपून ठेवायची. मोठा कॅमेरा असेल तर त्याचे पैसे वेगळे. ओळखपत्र आणि थोडी रोख जवळ असू द्या, कारण या भागात मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही आणि रेंज नाही म्हणजे ऑनलाइन पैसेही नाहीत. दारू, प्लास्टिक आणि स्पीकर बॅगेत असतील तर ते गाडीतच राहू द्या.

नाक्यावरच्या माणसाशी दोन मिनिटं बोला. काल रात्री वर पाऊस झाला का, ओढ्याला पाणी किती आहे, गवे कुठे दिसले, हे तिन्ही प्रश्न विचाराच. तिथले वनरक्षक आणि वाटाडे बहुतेक आसपासच्या गावांतलेच असतात आणि पाण्याचा रंग बघून ते जे सांगतात ते कुठल्याही ॲपवर मिळत नाही. पहिल्या वेळी गावातला वाटाड्या बरोबर घ्या, असंही सुचवेन. वाट सापडत नाही म्हणून नाही. तुम्हाला जे दिसणार नाही ते त्याला दिसतं म्हणून.

पोहोचायचं कसं? मुंबईहून कोकण रेल्वेने मडगाव. तिथून केपे, तिळामळ, रिवण असं करत नेत्रावळी, सुमारे ४० किलोमीटर. रस्ता चांगला पण वळणांचा, सव्वा तास धरा. वास्को-लोंढा मार्गावरचं सांवर्डे-कुडचडे हे स्टेशन त्याहून जवळ पडतं, पण तिथे थांबणाऱ्या गाड्या कमी. कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बस सांग्यापर्यंत मिळतात, पुढे नेत्रावळीला मोजक्याच जातात. बसने जायचं असेल तर उतरताना कंडक्टरला परतीची वेळ विचारून घ्या. नाहीतर मडगावहून दुचाकी किंवा टॅक्सी बरी. पेट्रोल केप्याला किंवा सांग्यालाच भरून घ्या.

रेंज जाण्यापूर्वी दोन कामं करा. नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या आणि घरी किंवा हॉटेलवर एकाला सांगून ठेवा: आम्ही सावरीला चाललोय, इतके जण आहोत, तीन वाजेपर्यंत फोन आला नाही तर ११२ला कळव.

अंगावर काय, पाठीवर काय

सगळ्यात आधी बूट. तळव्याला खोल खाचा असलेले, बंद आणि ओले झाले तरी चालतील असे. नवेकोरे महागडे बूट पहिल्यांदा जंगलात घालू नका, टाचा सोलवटून निघतील. पांढऱ्या सपाट तळव्याचे स्नीकर शेवाळावर टिकत नाहीत, आणि पट्ट्याच्या सँडलमध्ये बारीक खडे शिरून चालणं हैराण करतात. अनवाणी तर नाहीच, पाण्यातही नाही.

जीन्स घालू नका. एकदा भिजली की दिवसभर वाळत नाही आणि गुडघा वाकवायला जड जातं. पातळ, चटकन वाळणारी पूर्ण पँट, लांब बाह्यांचा शर्ट आणि घोट्याच्या वर येणारे लांब मोजे. पँटचे पाय मोज्यांत खोचायचे. दिसायला कसंही दिसो, जळवांसाठी याच्याइतका सोपा उपाय नाही. रंग मातकट किंवा हिरवट बरे. अत्तर, डिओ लावू नका. या जंगलात आग्या मोहोळं असतात आणि उग्र वासाने त्या माश्या चवताळू शकतात.

पाठीवर छोटी सॅक, दोन्ही हात मोकळे राहतील अशी. छत्रीत एक हात अडकतो, म्हणून रेनकोट घ्या. माणशी दीड-दोन लिटर पाणी. गोव्याच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि तहान लागल्याचं उशिरा कळतं. ओआरएसची दोन पाकिटं, चिक्की किंवा गूळ-शेंगदाणे, पोळीचे रोल. वेफर्सची पाकिटं नकोत. माकडांना तो कुरकुर आवाज ओळखीचा झाला आहे आणि रिकामी पाकिटं शेवटी ओढ्यात जातात. शिट्टी, लहान टॉर्च, बँडेज, कापूस, जंतुनाशक, रोजची औषधं, कोरड्या कपड्यांचा एक जोड गाडीत. पाच-सहा मीटरची बऱ्यापैकी जाड दोरीही घ्या. ती बुडणाऱ्याकडे फेकायला असते. कमरेला बांधून पाण्यात उतरायला ती नाही.

वाटेवर

ओळीने चाला. जाणता माणूस पुढे, दुसरा जाणता शेवटी, लहान मुलं आणि वयस्कर मधे. सगळ्यात हळू चालणाऱ्याचा वेग तोच गटाचा वेग. मुलं सात-आठ वर्षांची असली की स्वतःच्या पायांनी आनंदाने येतात. त्याहून लहान असतील तर पाठीवर घ्यायची तयारी ठेवा, आणि पाठीवर मूल असताना ओढा ओलांडू नका.

या वाटेची घाई करू नका. बहुतेक जण मान खाली घालून धबधब्याकडे धावतात आणि अर्धं जंगल चुकवतात. मधेमधे थांबून वर बघा. उंच फांदीवर लांब शेपटीचं, तांबूस-काळसर अंगाचं शेकरू या फांदीवरून त्या फांदीवर झेप घेताना दिसेल. महाराष्ट्राचा तो राज्यप्राणी, भीमाशंकरला बघायला जातो तोच. डोक्यावरून मोठमोठे फटकारे मारल्याचा आवाज आला तर तो धनेश. उडताना त्याच्या पंखांचा आवाज खाली जमिनीपर्यंत येतो, आधी आवाज ऐकू येतो आणि मग पक्षी दिसतो. खोडावर चिकटलेला, खोडाच्याच रंगाचा उडता सरडा दिसायला वेळ लागतो. गळ्याखालची पिवळी पिशवी त्याने बाहेर काढली की मगच कळतो. ओढ्याच्या कडेला भेरली माडाचे लोंबणारे तुरे दिसतील. इथे पाच मिनिटं गप्प उभं राहून बघा. आपण आलो तेव्हा गप्प झालेलं जंगल हळूहळू पुन्हा बोलायला लागतं.

हात मात्र जपून. फांदीला धरण्याआधी फांदीकडे बघा. पावसाळ्यात आणि नंतरही मलबार चापडा हा साप ओढ्याकाठच्या झुडपांवर, दगडांवर तासन्‌तास न हलता बसतो, आणि त्याचा हिरवा-तपकिरी रंग पानांत बेमालूम मिसळतो. खाजकुइलीच्या शेंगांवरची सोनेरी लव अंगाला लागली तर पुढचा तासभर दुसरं काही सुचत नाही.

गवा दिसला तर थांबा. फोटोसाठी पुढे जाऊ नका, ओरडू नका, शिट्टी वाजवू नका. तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरका आणि त्याला वाट मोकळी करून द्या. बरोबर पिल्लू असेल तर अंतर दुप्पट ठेवा.

ओढा ओलांडताना

इकडे ओढ्याला व्हाळ म्हणतात. वाटेत व्हाळ आडवा आला की पहिलं काम पाण्याखालचा तळ बघण्याचं. तळ स्वच्छ दिसतोय, पाणी गुडघ्याच्या खाली आहे आणि वेग सावकाश आहे, तर जायला हरकत नाही. यातली एक गोष्ट जरी नसेल तर परत फिरायचं. वेगाने वाहणारं पाणी गुडघ्याच्या वर आलं की धडधाकट माणसाचेही पाय उचलले जातात.

दुसरं काम खालच्या बाजूला बघण्याचं. इथे पाय घसरला तर मी कुठे जाईन? खाली उथळ रेती असेल तर ठीक. अडकलेलं झाड, मोठ्या शिळांमधली फट किंवा उतार असेल तर तिथून ओलांडू नका. धबधब्याच्या माथ्यावर, पाणी खाली पडतं त्या कडेजवळ तर कधीच नाही.

ओलांडताना बूट पायातच. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडून ठेवा, म्हणजे पडलात तर ती झटकन टाकता येईल. तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला, हातातली काठी समोर टेकलेली, आणि बाजूबाजूने पावलं सरकवत जा. एका वेळी एकच पाय हलवायचा, तो पक्का बसला की दुसरा. दगडावरून दगडावर उड्या मारू नका. कोरडा दिसणारा दगड खरबरीत असतो, ओला काळपट चकाकणारा दगड म्हणजे शेवाळ. पाय दगडांच्या मधल्या तळावर टेकवावा.

तरीही वाहून गेलात तर उभं राहायची धडपड करू नका. पाय दगडात अडकला की प्रवाह माणसाला पाण्याखाली दाबतो. उताणं व्हा, पाय पुढे प्रवाहाच्या दिशेने ठेवा, आणि हातांनी काठाकडे सरका. पाणी उथळ, मंद झालं की मग उभे राहा.

धबधब्यापाशी

पोहोचलात. इथे सगळ्यांचे फोन बाहेर येतात. त्याआधी एक काम करा. पाण्याच्या काठावरचा असा एक दगड निवडा, ज्याचा खालचा भाग पाण्यात आणि वरचा कोरडा आहे. त्यावर पाण्याची रेघ कुठे आहे ते नीट बघा, एखादी खूण लक्षात ठेवा, आणि गटातल्या एकाला त्याची जबाबदारी द्या. दर दहा मिनिटांनी त्याने त्या दगडाकडे बघायचं. चार बोटं रेघ वर गेली, तर सगळ्यांना बाहेर बोलवायचं, प्रश्न न विचारता.

एवढी काळजी कशासाठी? तुम्ही उभे आहात तिथे ऊन पडलेलं असतं. पण या डोहात येणारं पाणी इथे पडलेलं नसतं. ते वर घाटमाथ्यावर, नजरेआडच्या घळींत पडलेलं असतं. तिथे जोराची सर आली तर उतारावरचं सगळं पाणी एकाच चिंचोळ्या घळीतून खाली येतं. वरून इथे यायला त्याला काही मिनिटं पुरतात आणि ते येतं तेव्हा तुमच्या डोक्यावर निळं आभाळ असू शकतं. म्हणूनच नुसता दक्षिण गोव्याचा अंदाज बघून भागत नाही.

पाणी वाढण्याआधी ते खुणा देतं. नितळ पाणी गढूळ होतं, आधी कडेने आणि मग मधेही. पानं, काटक्या, फेस एकदम जास्त वाहून यायला लागतात. धबधब्याचा आवाज बदलतो, जास्त खोल आणि भरलेला येतो. कधीकधी वरून गार वाऱ्याचा झोत येतो आणि ओल्या मातीचा वास. यातली एक खूण दिसली तरी पुरे. सामान, चपला, बाटल्या जिथे असतील तिथे सोडा आणि प्रवाहाच्या कडेकडेने पळत न जाता सरळ वर, उंच जागी चढा. व्हाळ वाढल्यामुळे परतीची वाट बंद झाली असेल तर पलीकडे जायचा प्रयत्न करू नका. बसून राहा. असं वाढलेलं पाणी पाऊस थांबल्यावर बहुतेक वेळा काही तासांत ओसरतं. शिट्टी आणि डबा तेवढ्यासाठीच आणला आहे.

आता डोहाबद्दल. उतरायला मनाई असेल तर विषय संपला, काठावर बसून पाय भिजवायचेही नाहीत. मुभा असेल तर काठाजवळ, तळ दिसतो तिथपर्यंत, कमरेच्या खाली. धार पडते त्याच्या थेट खाली जाऊ नका. याची कारणं तीन, आणि तिन्ही पोहता येणाऱ्यांनाही लागू आहेत. धारेबरोबर वरून दगड आणि ओंडके येतात. ते पाण्याच्या पांढऱ्या पडद्यात दिसत नाहीत. धारेखालचं पाणी फेसाळ, हवेने भरलेलं असतं आणि अशा पाण्यात शरीर तरंगत नाही, हातपाय मारून काही हाताला लागत नाही. आणि खाली आदळलेलं पाणी तळाशी जाऊन पुन्हा धारेकडेच वळतं, त्यामुळे आत सापडलेला माणूस तिथेच फिरत राहतो. वरून उडी मारणारे लोक या डोहाचा तळ दर पावसाळ्यात बदलतो हे विसरतात. गेल्या वर्षी खोल होतं तिथे यंदा शिळा येऊन बसलेली असते.

कुणी बुडताना दिसलं तर मागोमाग उडी मारू नका. अनेक दुर्घटनांत दुसरा बळी वाचवायला गेलेल्याचाच असतो. दोरी फेका, ओढणी फेका, काठी पुढे करा, रिकामी पाच लिटरची कॅन घट्ट झाकण लावून फेका. स्वतः काठावर पालथं पडून, मागच्याला पाय धरायला सांगून मग हात द्या.

फोटो काठावरून काढा. जुलै २०२४मध्ये रायगडच्या कुंभे धबधब्यापाशी चित्रीकरण करताना एक तरुणी दरीत कोसळून गेली, त्या बातमीने किती घरं हादरली होती ते आठवून बघा. पाठ पाण्याकडे करून, नजर स्क्रीनवर ठेवून एक पाऊलही मागे टाकायचं नाही, हे मुलांना तिथे पोहोचण्याआधी सांगा.

साबण, शॅम्पू पाण्यात नेऊ नका. खालच्या कुळागरांतल्या, म्हणजे बागायतींतल्या सुपारीला, मिरवेलींना असल्याच ओढ्यांचं पाणी जातं.

अर्धा-पाऊण तास थांबा आणि निघा. घड्याळात बारा वाजले की उठायचं, असं आधीच ठरवून ठेवलं तर तिथे वाद होत नाहीत.

जळवा, गोचीड, साप

जळू लागली म्हणून किंचाळायचं कारण नाही. दुखत नाही, आणि सहसा तिच्यामुळे आजारही होत नाही. तिला ओढू नका, काडी पेटवून लावू नका. त्याने ती पोटातलं जखमेत ओकते. तिचं बारीक टोक तोंडाचं. त्या टोकाजवळ, कातडीला चिकटून नख सपाट धरा आणि बाजूला सरकवा. तोंड सुटलं की लगेच जाडसर मागचं टोकही तसंच सोडवा, आणि ती बोटाला चिकटायच्या आत टिचकीने उडवा. जागा धुऊन कापूस दाबून धरा. रक्त बराच वेळ येत राहतं, कारण जळवेच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं. घाबरू नका, थांबतं. मीठ किंवा तंबाखू वापरायची तर आधीच मोज्यांना चोळून ठेवा, चावल्यावर जळवेवर नको.

गोचिडीकडे मात्र गंभीरपणे बघा, विशेषतः जानेवारी ते मे. १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेलेला माकडताप गोचिडींमुळे पसरतो, आणि गोव्याच्या सत्तरी व सिंधुदुर्गाच्या दोडामार्ग भागातही त्याचे रुग्ण आढळले आहेत. कोरड्या दिवसांत पाचोळ्यावर बसू नका, मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका आणि वनखात्याला सांगा. संध्याकाळी आंघोळ करताना काखा, जांघा, कानामागे, मुलांच्या केसांत नीट तपासा. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून, चिखलातून गेलात तर लेप्टो या तापाचाही धोका असतो. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचं आठवणीने सांगा. ते तुम्ही सांगितल्याशिवाय त्यांना कळणार नाही.

साप चावला तर चिरा देणं, चोखणं, आवळून बांधणं, यातलं काहीही करू नका. माणसाला बसवा, अंगठ्या-बांगड्या काढा, तो भाग हलणार नाही असा आधार द्या, चालू न देता उचलून रस्त्यापर्यंत आणा आणि १०८ला फोन करा. चापड्याच्या विषावर आपल्याकडची सापाची लस लागू पडत नाही, तरी दवाखान्यात जायचंच. कोणता साप चावला हे आपलं आपण ठरवायचं नसतं.

परतताना

नाक्यावर पावती दाखवून बाहेर पडल्याची नोंद करा. तेवढ्याने तुम्हाला शोधायला कुणाला आत जावं लागत नाही. गाडीत ओले कपडे बदला, बुटांतून, मोज्यांतून जळवा बघा, त्या गाडीपर्यंत येतात.

जेवण गावात घ्या. नेत्रावळी आणि वर वेर्ले या भागात काही घरांमध्ये जेवणाची आणि मुक्कामाची सोय होते, आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर बरं. शीत-कढी, भाजी, सोलकढी असं साधं जेवण असतं आणि एवढं चालून आल्यावर ते फार गोड लागतं. तुमचे पैसे या घरांत गेले की जंगल राखणं त्यांनाही परवडतं, म्हणून मडगावला जाऊन हॉटेलात जेवू असं म्हणू नका.

वेळ उरला तर गोपीनाथाच्या देवळाची बुडबुड्यांची तळी बघा, गावातच आहे. जांभ्या दगडाच्या पायऱ्यांच्या या तळ्यात तळातून सतत बुडबुडे वर येत असतात. काठावर टाळी वाजवली की जास्त येतात असं गावकरी सांगतात, मुलांना ते करून बघायला फार आवडतं. पाण्यात उतरू नका, देवळाचं तळं आहे. दगडांवरच्या प्राचीन कोरीव चित्रांची आवड असेल तर रिवणजवळ कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळ आहे, परतीच्या वाटेवरच. तिथे पाऊण तास तरी ठेवा. तिरप्या उन्हात त्या रेषा जास्त स्पष्ट दिसतात, म्हणून चार वाजताची वेळ चांगली. पण अंधाराआधी मुख्य रस्त्याला लागा. संध्याकाळी या रस्त्यांवर गवे उतरतात आणि वळणावर गाडीच्या दिव्यात काळं जनावर फार उशिरा दिसतं.

रेंज आली की सकाळी ज्याला सांगून निघालात, त्याला फोन करा.